चित्रात नाही ते घरात नाही

वास्तुशांत उद्यावर आली होती आणि सारिकाचा जांभळा सोफा अजून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच बसला होता.

ट्रॉली नव्या बंगल्यापुढं उभी. सोफ्यावर प्लॅस्टिक, आणि दारात राजनंदिनी दोन्ही हात चौकटीला लावून. सारिका आणि दत्ताची ही थोरली पुण्याला घराच्या सजावटीचं शिकून आली होती, आणि शिकून आल्यापासून आईबापाला जुमानेनाशी झाली होती.

"मम्मी, चित्रात जांभळा आहे का? असला तर दाखव."

"चित्रात माणसंबी न्हाईत," सारिका म्हणाली. "मग आम्ही काय गोठ्यात निजायचं?"

"माणसं चालतील. जांभळी नसली म्हणजे झालं."

ट्रॅक्टरवरचा गडी हसला. सारिकानं त्याच्याकडं असं काही बघितलं की त्यानं गपचूप ट्रॅक्टर वळवून शेडकडं नेला. सोफ्याचं नंतर बघू, असं ठरलं. या घरात नंतर बघू म्हणजे राजनंदिनी जिंकली.

हे चित्राचं खूळ होतं तिचंच. खूळ म्हणा, पण त्याच खुळानं दोन भावांची तोंडं पुन्हा एकमेकांकडं वळली होती, हे विसरून चालायचं नाही. घोड नदीकाठच्या मळ्यात बंगल्याचा स्लॅब पडला तोवर सगळं गोडीत होतं. रंगाचा विषय निघाला आणि माशी शिंकली. दत्ता सोसायटीचा चेअरमन, त्याला हॉलमध्ये सोनेरी वेलबुट्टीचं छत पाहिजे होतं. धाकटा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर, त्याला मॅनेजरच्या फ्लॅटसारखं सगळं ग्रे. त्यांच्या आईला, सारजाबाईंना, जुन्या घरातला पिस्ता रंग, कारण तो डोळ्याला सवयीचा. वडील हौसराव, म्हणजे घरातले आबा, काहीच म्हणत नव्हते. दिवाळीत दोघे भाऊ एका पंक्तीला बसले, पण मीठ मागायला मधी बायका लागल्या.

त्या दिवाळीत राजनंदिनीनं जुन्या घरात स्वैपाकाच्या दारावर टांगलेलं चित्र काढून सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. "एक चित्र धरायचं," ती म्हणाली, "आणि घरानं त्याच्या मागून जायचं. रंग, फरशी, पडदे, खुर्च्या, सगळं. चित्रात नाही ते घरात नाही."

सगळे लगेच कबूल झाले. चित्र कुणाचंच नव्हतं, त्यामुळं कुणाचंच जिंकत नव्हतं. भावकीत याहून चांगला तोडगा निघत नाही.

चित्र होतं मडक्यांचं. इनामगावात फार वर्षांमागं नदीकाठच्या टेकाडावर सरकारी खोदकाम चाललं होतं, तेव्हा हौसराव मिसरूड फुटायच्या वयात तिथं पाट्या उचलायला जात. खोदकामावर एक चित्रकार होता. त्याच्या फळीवर ऊन येऊ नये म्हणून हौसरावांनी छत्री धरली, आणि जाताना त्यानं हे एक चित्र त्यांना देऊन टाकलं. जाड कागद, त्यावर पाण्याचे रंग. दोन तांबडी मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. अंगावर काळ्या तिरप्या रेघांची नक्षी. खाली राखाडी माती, आणि कडेला कुठूनतरी आलेला पिवळट उजेड. बस. तेवढे चार रंग.

त्या चार रंगांनी घर कसं झालं ते दत्तानं पहिल्यांदा बघितलं तो दिवस त्याच्या चांगला लक्षात राहिला. निवडणुकीच्या बैठकीतून तो तणतणत आला होता. पोरीला म्हणणार होता, पुरे झालं, पेंटरला बोलव. दारातून आत पाय टाकला आणि थांबला. समोरच्या भिंतीला गेरू आणि चुना कालवून केलेला तांबडा, खाली राखाडी शहाबादी फरशी, आणि कमरेच्या उंचीवरून साऱ्या हॉलभर फिरलेली काळ्या तिरप्या रेघांची पट्टी. पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन आलेलं. त्या तांबड्या भिंतीवर राजनंदिनीनं ती दोन मडकी काढली होती, माणसाएवढी मोठी.

दत्ताला वाटलं, आपण इथं आधी कधीतरी राहून गेलोय. हे काही त्याला शब्दांत सांगता आलं नसतं. बोलण्यावर निवडून येणारा माणूस, पण त्याला एक वाक्य सुचेना. त्यानं मागं सरून चपला काढल्या, पुन्हा आत आला आणि भिंतीला हात लावला.

"हे तू केलंस?" त्यानं विचारलं.

"मी कुठं केलं, पप्पा. चित्रानं सांगितलं तसं करत गेले. भिंत मात्र आबांनी निवडली. म्हणाले, ह्याच भिंतीवर काढ, दुसरीकडं नको."

सोनेरी छताचं नाव दत्तानं पुन्हा काढलं नाही.

रंग कालवायला राजनंदिनीच्या हाताखाली होती ती सविता, सत्यजीतची बायको. ती घरात कमी बोलणारी. सकाळी सगळं आवरून स्टुलावर चढायची ते दुपारपर्यंत काळ्या रेघा ओढत राहायची. एक रेघ संपली की दुसरी. त्या भिंतीपाशी तिला बरं वाटायचं, का ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मडक्यांची तोंडं जिथं जुळतात तिथला काळा रंग तिनंच भरला. भरताना दोनदा खाली उतरून पाणी प्याली.

सविताचं एक दुखणं होतं आणि ते घरात कुणी काढत नसे. लेक प्रगतीच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, सातव्या महिन्यातच. शिरूरच्या दवाखान्यात तीन दिवस काचेच्या पेटीत होती, मग गेली. सविताला टाके पडलेले, उठायची बंदी. सत्यजीत तिच्या उशाशी. हौसराव आले, नातीला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून घेऊन गेले आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, माती देतात. आणि ती जागा आईला सांगत नाहीत, तिचा जीव तिथं घुटमळत राहतो म्हणून. बारसं झालं नव्हतं, त्यामुळं नावही नव्हतं. सवितानं घरी आल्यावर सासूला एकदाच विचारलं होतं, "आत्या, कुठं ठेवली तिला?" सारजाबाई म्हणाल्या, "असं विचारू न्हाई, बाई." तिनं पुन्हा विचारलं नाही. पण मळ्यात भांगलायला गेली की प्रत्येक बांधाकडं, प्रत्येक झाडाच्या बुडाकडं तिची नजर जायचीच. प्रगती आता नऊ वर्षांची झाली तरी जायची.

दुपारी चारच्या सुमाराला राहू गावाहून आण्णा आले. आण्णा म्हणजे सारजाबाईंचा पाठचा भाऊ. बहिणीच्या घराची वास्तुशांत, तेव्हा माहेरचा आहेर घेऊन आदल्या दिवशीच हजर. बहिणीला लुगडं, दाजींना फेटा, आणि स्वतःच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप. आण्णा मोठ्या तोंडाचा माणूस. त्यांनी फाटकातूनच हाका मारायला सुरुवात केली.

"आक्का, आगं घर हाय का राजवाडा? दत्ता, आता तालुक्याला उभाच राहा तू."

सगळे हॉलमध्ये जमले. आण्णा कौतुकानं बघत फिरले, फरशीवरून पाय घासून बघितला, रेघांच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग भिंतीपुढं आले, आणि बोलायचे थांबले. आण्णा बोलायचे थांबले हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

"दाजी," ते हौसरावांकडं वळून म्हणाले, "ही खोदकामातली मडकी न्हवं?"

हौसराव खुर्चीत बसले होते. "व्हय," ते म्हणाले.

"मी एक उन्हाळा व्हतो की तुमच्यासंगं पाट्या उचलायला. आवो, ही तर लेकरांची मडकी."

"लेकरांची म्हंजी?" सारिकानं विचारलं.

आता आण्णांना मागं फिरता येईना. "म्हंजी त्या काळातली माणसं… तान्हं लेकरू गेलं की ह्या असल्या दोन मडक्यांत ठेवायची. तोंडाला तोंड लावायची आन् पुरायची. तीन हजार वर्सांमागची गोष्ट. आम्ही बघितलीत ना हाडं, बोटाएवढाली."

स्वैपाकघरात भावकीतल्या बाया उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होत्या, त्यांचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. सविता तांब्या घेऊन पाहुण्यांना पाणी द्यायला आली होती. ती दारात तशीच उभी राहिली.

सारजाबाई आधी भावाकडं बघत राहिल्या, मग भिंतीकडं. "पन्नास वर्सं मी ते चित्र पुसतीय," त्या हळू म्हणाल्या. "दर दिवाळीला. मला वाटायचं, दाण्याची मडकी हायती." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "दत्ता, हे आत्ताच्या आत्ता पुसून काढ. नव्या घरात थडगं काढलंय पोरीनं. उद्या गुरुजी होमाला बसणार, लेकीबाळी येणार. पुस आधी."

"आजी, मला माहीत नव्हतं," राजनंदिनी म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. शिकलेली, पण दारावरच्या चित्रात काय आहे हे तिनंही कधी कुणाला विचारलं नव्हतं. घरचीच वस्तू, तिचं काय विचारायचं, असंच सगळ्यांचं झालेलं.

"सत्या, शेडमधनं पांढऱ्याची बादली आण. रोलर बी आण," दत्ता म्हणाला.

दिवाळीत मीठ मागायलाही मधी बायका लागलेले हे दोघे, पण आता सत्यजीत लगेच उठला. "दादा, एका हातात झाकायचं न्हाई. गेरू वर फुटंल. दोन मारावं लागत्याल."

"मग दोन मार."

"थांबा," सारिका म्हणाली. सगळे तिच्याकडं बघायला लागले. सकाळपासून सोफ्यावरून पोरीशी भांडणारी ही. "पोरीनं जीव टाकून केलंय ते. तुम्ही चपला काढून आलावता आत, विसरलाव का? न कळता केलं म्हणून काय ते वाईट झालं?"

"सारिका, लोकांत काय सांगायचं? चेअरमनच्या हॉलात काय काढलंय, म्हटल्यावर?"

"मडकी काढलीत म्हणायचं. तुमच्या लोकांना तरी कुठं म्हाईताय."

"मला म्हाईत झालंय आता," सारजाबाई म्हणाल्या. "मी ह्या भिंतीपुढं जेवणार न्हाई."

सत्यजीत बादली आणायला वळला तो दारात सवितापाशी थांबला. ती वाटेतून सरेना. तिच्या हातातला तांब्या तसाच होता. लग्न झाल्यापासून सासऱ्यापुढं तिनं पदर खाली येऊ दिला नव्हता की आवाज वर जाऊ दिला नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हाला ठावं व्हतं. मग तुम्ही काढू का दिलं?"

हौसराव खुर्चीत पुढं सरकून बसले.

"मी पोरगा व्हतो तवा," त्यांनी सुरुवात केली. "खोदकामाचे साहेब कुंचल्यानं माती झाडत व्हते. मी पाटी धरलेली. ही जोडी वर आली. आत काय हाय ते बघितलं आन् माझं हातपाय गार पडलं. पण मला त्याचं न्हाई वाटलं एवढं. मला वाटलं ते जागेचं. ती मडकी कुठं निघाली म्हाईताय? मसणवट्यात न्हाई, रानात न्हाई. घरात. चुलीच्या शेजारी. वर सारवलेली जमीन, त्याच्यावर माणसं जेवलेली, निजलेली. आन् खाली लेकरू."

"आबा, आता हे कशाला," दत्ता म्हणाला.

"ऐक. मी साहेबांना म्हनलो, ही कसली रीत, लेकराला घरात पुरायची? साहेब म्हनले, आपल्याला कसं कळणार, बाबा. पण बाहेर ठेववलं नसंल त्यांच्यानं." हौसरावांनी भिंतीकडं बघितलं. "तीन हजार वर्सं. ना त्यांची भाषा म्हाईत, ना देव. पण ते मला कळलं. लई कळलं. रातभर झोप न्हाई आली. आपल्याच गावची माणसं की ती. ह्याच नदीचं पाणी पिलेली."

आण्णा खाली बसले. वर्षभर राजनंदिनी या चित्राकडं बघत होती, त्यातला प्रत्येक रंग तिनं शंभरदा कालवला होता. राखाडी म्हणजे तिला पार्श्वभूमी वाटली होती. ती कुणाच्या तरी घराची सारवलेली जमीन होती, आणि तिनं तीच सगळ्या हॉलभर अंथरली होती.

"बारा वर्सांमागं शिरूरवरनं मी तिला आणली," हौसराव म्हणाले. आता ते फक्त सविताशी बोलत होते. "मांडीवर घेऊन आणली जीपमधनं. रीत म्हंजी लांब न्यायची, नदीकडं. मी निघालो बी. पण माझ्यानं नेववलं न्हाई. मळ्याच्या कोपऱ्याला बाभळ व्हती, तिच्या बुडाला ठेवली. मनात म्हनलो, इथं आपण रोज येतो-जातो."

सवितानं तांब्या दोन्ही हातांनी धरला.

"मग घर बांधायचं निघालं. बाभळ गेली. इंजिनिअरनं नेमका तिथंच कॉलम दाखवला. मी म्हनलो, कॉलम सरकव. त्यो म्हनला, आबा, लोड कसा बसंल? मी म्हनलो, तुझा लोड तू बघ, पर हितं टिकाव लावू देणार न्हाई. तिला कुणी हलवलं न्हाई, सविता. मी खुर्ची टाकून बसलोवतो तिथं पाया खणत होते तवा. वर मुरूम पडला, फरशी बसली. हाय तिथंच हाय ती."

"कुठं?" सविता म्हणाली.

हौसरावांनी हात उचलून भिंतीचा पायथा दाखवला. "म्हणून राजनंदिनीला म्हनलो, ह्याच भिंतीवर काढ."

सत्यजीतनं दाराची चौकट धरली. कंपनीत दोनशे माणसांवर ओरडणारा हा बाप, त्यालाही जागा माहीत नव्हती, आणि आपणही कधी विचारलं नाही हे त्याला आत्ता कळत होतं. तो तिथंच दारात रडायला लागला.

दत्ता काहीतरी बोलायला गेला, दोष, गुरुजी, शांत, असं काहीसं, पण सारजाबाईंनी त्याला हातानंच गप्प केलं. त्या नवऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आन् माझं?" त्या म्हणाल्या.

हौसरावांना आधी समजलं नाही.

"दत्ताच्या पाठीवरचं. मामंजी घेऊन गेलेवते त्याला. मी विचारलं तर सासूबाई म्हनल्या, असं विचारू न्हाई. मी बी हिला तेच सांगितलं." त्यांनी सविताकडं बोट दाखवलं. "माझं कुठं ठेवलं, अवं?"

"बानं मला बी न्हाई सांगितलं, सारजा," हौसराव म्हणाले. "मी इचारलंवतं. दोनदा. तिसऱ्यांदा इचारणार व्हतो तर त्योच गेला."

सारजाबाईंनी मान हलवली. त्या रडल्या नाहीत. एवढ्या वर्षांनी निदान कुणीतरी विचारलं होतं हे तरी कळलं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्या वळून भिंतीकडं बघायला लागल्या. दर दिवाळीला ज्या दोन मडक्यांवरून फडकं फिरवलं तीच दोन मडकी, पण त्या पहिल्यांदा बघत असल्यासारख्या बघत होत्या. बघता बघता त्यांनी पदर सावरला, देवळात सावरतात तसा.

"बादली राहू दे, सत्या," त्या म्हणाल्या.

सवितानं तांब्या खाली ठेवला. हॉलमधून ती भिंतीपाशी गेली. सासरा समोर, थोरला दीर समोर, राहूचे पाहुणे समोर. वाटेत कुणी आलं नाही. राजनंदिनीनं विचारलं, "काकू, सतरंजी देऊ?" तिला ते ऐकू गेलं नसावं. ती आधी बसली, राखाडी फरशीवर तळवा टेकवून. फरशी गार होती. मग ती कुशीवर आडवी झाली, पाय पोटाशी घेऊन, गाल फरशीला लावून, आणि एक हात पुढं पसरला, शेजारी कुणी लहान निजलेलं असलं की बाई टाकते तसा.

सून अशी सासऱ्यापुढं आडवी झालेली त्या घरानं कधी बघितली नव्हती. हौसराव उठले आणि तिच्याकडं पाठ करून बाहेर ओट्यावर गेले. दत्ता त्यांच्यामागून गेला, आण्णा गेले. सारिकानं पश्चिमेचा पडदा ओढला.

सविताचा श्वास हळूहळू लांब होत गेला. बारा वर्षांत दिवसाउजेडी तिचा डोळा लागलेला कुणाला आठवत नव्हता.

स्वैपाकघरात परात आपटल्याचा आवाज झाला आणि बाया मोठ्यानं हसल्या. सारजाबाई लगालगा आतल्या दारापाशी गेल्या.

"भांडी वाजवू नका गं," त्या म्हणाल्या. "सविता निजलीय."